अपहरणाची प्रीतिकथा आणि सिल्वासाचे बिनतारी यंत्र

रहस्य आणि शृंगार यांचे मिश्रण करून लिहिलेल्या कादंबऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. त्या इंग्रजीतून येतात, हिंदीत उतरतात आणि मोबाईलच्या पडद्यावर मराठीतही क्रमशः वाचावयास मिळतात. त्यांतील एक कथानक तर आता इतके रूढ झाले आहे की, पहिली चार पाने वाचताच चाणाक्ष वाचकास शेवट सांगता यावा. रात्री उशिरा रेडिओवरून श्रोत्यांशी हितगुज करणारी एक निवेदिका असते. तिच्या आवाजाने वेडावलेला एक अनामिक श्रोता असतो. एके रात्री स्टुडिओतून घरी परतताना तिचे अपहरण होते. मग आडरानातील बंगला, बंद दार, आणि दाराबाहेर पावले वाजविणारा तो. प्रथम भय, मग कुतूहल, मग सहानुभूती आणि अखेरीस प्रेम अशा पायऱ्या नायिका एकेक करून चढते. शेवटच्या प्रकरणात खरा खलनायक भलताच कोणी निघतो, अपहर्ता निदान क्षम्य ठरतो, आणि ज्याने तिला बांधून नेले त्याच्याच गळ्यात ती वरमाला घालते.

असल्या पुस्तकांवर अग्रलेखाची जागा खर्ची घालावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, अवश्य घालावी. समाज काय वाचतो हे पाहावयाचे असेल तर पारितोषिकप्राप्त ग्रंथांच्या यादीपेक्षा उशीखाली ठेवलेल्या पुस्तकाकडे पाहणे अधिक बोधप्रद असते. जे पुस्तक कोणी वाचावयास सांगत नाही आणि तरीही जे वाचून संपविल्याशिवाय दिवा मालवत नाही, त्या पुस्तकाचा मनावरील परिणाम पाठ्यपुस्तकाहून कमी असतो असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आणि रहस्यकथा म्हटली की नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसू इच्छित नाही. मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय ज्यांना द्यावयास हवे, त्यांत बाबूराव अर्नाळकरांचे नाव वरचे आहे. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांसाठी वाचनालयाच्या दारात ताटकळणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाला समीक्षकांनी दारातही उभे केले नाही. पण गिरणीतला कामगार आणि शाळेतला विद्यार्थी यांनी त्याला घरात घेतले. पुढे २०२१ साली दिवंगत झालेल्या गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीपसारखे नायक उभे करून तीच परंपरा चालविली आणि त्यांच्याही कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली. या लेखनात दोष पुष्कळ होते. घाई होती, पुनरावृत्ती होती, इंग्रजी कथांची उसनवारी होती. पण एक गोष्ट त्यात पक्की होती. स्त्रीला पळवून नेणारा मनुष्य हा गुन्हेगार असे आणि कथेच्या शेवटी तो गजांआड जाई. वाचकाची उत्कंठा वाढवावी, पण त्याची न्यायबुद्धी बिघडवू नये, एवढा संकेत त्या घाईच्या लेखनानेही पाळला होता.

आमचा आक्षेप नव्या कथानकातील शृंगारावर नाही, उत्कंठेवरही नाही. त्यातील उलटापालटीवर आहे. येथे बळजबरी हीच प्रीतीची पहिली पायरी म्हणून दाखविली जाते. नायिकेची संमती कोणी विचारलेली नसते. ती पुढे यथावकाश ‘उत्पन्न’ होते. जणू संमती ही मागावयाची वस्तू नसून दार बंद ठेवले की काही दिवसांनी आपोआप पिकणारे फळ आहे! ज्या वयात प्रेमाची व्याख्या मनात ठरत असते, त्या वयातील मुलगा हे वाचून काय शिकेल? ‘नाही’ या शब्दाचा अर्थ ‘अद्याप नाही’ एवढाच आहे, हेच ना? आणि मुलगी काय शिकेल? आपल्या मागे लागणारा, आपला पत्ता शोधून काढणारा, आपली वाट अडविणारा मनुष्य हा धोका नसून ते आपले भाग्य आहे, हे!

आपल्या परंपरेतही हरणाच्या कथा आहेत, असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. रुक्मिणीचे हरण झाले हे खरे. पण त्याआधी रुक्मिणीने स्वतः पत्र लिहून ब्राह्मणाहाती द्वारकेस धाडले होते, हे विसरता येत नाही. एकनाथांनी १५७१ साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. ग्रंथाचे नाव ‘हरण’ नसून ‘स्वयंवर’ आहे. सुभद्रेचीही गोष्ट तशीच. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले आणि आमच्या गोमंतकातील देवळांच्या मंडपांत जत्रेजत्रेला ते रंगत आले. त्या नाटकातील सारा गोंधळ, सारा विनोद आणि सारी रंगत एकाच गोष्टीवर उभी आहे: सुभद्रेचे मन अर्जुनावर जडले आहे, आणि तिला नको असलेल्या दुर्योधनाशी तिचे लग्न लावण्याचा घाट घातला जात आहे. तेथे हरण म्हणजे तिच्या इच्छेचा विजय होय.

जेथे इच्छा नाही तेथे आपल्या कवींनी काय केले, हे अशोकवनात पाहावे. रावणही आपल्या प्रेमाच्याच गोष्टी सांगत होता. त्याच्यापाशी वैभव होते, विद्या होती, वक्तृत्व होते. आजच्या कादंबरीकाराच्या हाती तो लागता तर त्याचा नायक व्हावयास कितीसा वेळ लागला असता? वाल्मीकींची सीता मात्र त्याच्याशी बोलताना मध्ये गवताची एक काडी ठेवते. बंदिवासातील स्त्रीच्या ‘नाही’ला केवढे बळ असते, हे त्या एका काडीने सांगितले आहे. त्या काडीचा अर्थ ज्या समाजाला कळतो, त्या समाजाला अपहर्त्याची प्रीतिकथा सहज पचू नये.

कायद्याची भूमिकाही याहून वेगळी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या ८७ व्या कलमानुसार, स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध विवाहास भाग पाडण्याच्या हेतूने तिचे अपहरण करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. जुन्या दंडविधानातील ३६६ वे कलमही हेच सांगत होते.

या कादंबऱ्यांचे समर्थक ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ नावाचे एक शास्त्रीय भासणारे कवच पुढे करतात. १९७३ च्या ऑगस्ट महिन्यात स्टॉकहोम येथील एका बँकेत दरोडेखोराने काही कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस धरले. ओलिसांपैकी क्रिस्टिन एनमार्क या तरुणीने पोलिसांच्या वर्तनाबद्दल उघड अविश्वास दाखविला, आणि मग ओलिसांना अपहर्त्याचा लळा लागला असे निदान करून त्या अवस्थेला शहराचे नाव देण्यात आले. एनमार्कबाईंनी मात्र हे निदान कधी मान्य केले नाही. आपण जे केले ते जीव वाचविण्यासाठी केले, असेच त्यांचे म्हणणे राहिले. बंदुकीपुढे बसलेल्या माणसाने बंदूकधाऱ्याशी गोड बोलणे ही प्रीती नव्हे, व्यवहारबुद्धी आहे. तिला प्रीती म्हणणे म्हणजे तिच्या धैर्यावर अन्याय करणे होय.

एवढी टीका केल्यावर, मग वाचकाने वाचावे तरी काय, असा प्रश्न येतोच. रेडिओ, रहस्य, संकट आणि अनुराग ही चारही सूत्रे एकत्र हवी असतील तर ती आपल्याच भूमीत, आपल्याच माणसांनी जगून दाखविली आहेत. त्या हकीकतीचा आरंभ सिल्वासात होतो.

दादरा आणि नगरहवेली ही चारही बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेली पोर्तुगीजांची ठाणी होती. नगरहवेलीतील गावांचा महसूल पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला. दादरा त्यांनी पुढे घेतले. सत्ता लिस्बनची, आणि प्रजेत बहुसंख्य वारली, धोडिया, कोकणा. १९५४ च्या ऐन पावसाळ्यात हा प्रदेश मुक्त झाला, तो कोण्या सैन्याने नव्हे तर मूठभर स्वयंसेवकांनी केला. २२ जुलैला फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’ने दादरा घेतले. २८ जुलैला नरोली पडले. २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. गोवा मुक्तीसाठी झटणारा आझाद गोमंतक दल त्यात होता. राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे यांच्यासारखे पुण्यामुंबईकडचे तरुण होते. आणि तंबोरा बाजूला ठेवून आलेले सुधीर फडकेही होते. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह जंगलाच्या आश्रयाने मागे हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. मुक्त प्रदेशाचा पहिला प्रशासक म्हणून आप्पासाहेब करमळकर या गोमंतकीयाची निवड झाली. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो आणि २ ऑगस्टच्या भाषणांतून तो दरवर्षी सांगितलाही जातो.

भाषणांत बहुधा राहून जाते ती पुढली गोष्ट. या मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांची बिनतारी संदेशयंत्रे मुक्तिसैनिकांच्या हाती लागली. गोव्यात तेव्हा सभेला बंदी होती, छपाईवर नजर होती, आणि ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी नभोवाणी केंद्र लिस्बनला हवे तेवढेच बोलत होते. अशा वेळी सिल्वासाकडील त्या यंत्रांचे रूपांतर प्रक्षेपकात करण्यात आले. ज्या यंत्रावरून कालपर्यंत राज्यकर्त्यांचे हुकूम सुटत होते, त्याच यंत्रावरून प्रजेचा आवाज उमटू लागला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या अरण्यातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव ‘व्हॉझ द लिबेर्दाद’ आणि कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’.

हा आवाज होता वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांचा. पुढे हे केंद्र आंबोलीहून कॅसलरॉकच्या रानात गेले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, बोलत राहिले. आंबोलीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला सहा वर्षे या शब्दांचे वजन सांगावयास नको. गावाशी उघड संबंध नाही, नावाला प्रसिद्धी नाही. ऐकणारे आहेत, पण ते आपल्याला ऐकतात हे त्यांनी कबूल केले तर त्यांच्यावर तुरुंगाची पाळी. श्रोत्यांची पत्रे नाहीत, टाळ्या नाहीत. खिडक्या लावून, आवाज बारीक करून, कान रेडिओला चिकटवून बसलेली माणसे आपल्याला ऐकत असतील या विश्वासावर दररोज बोलावयाचे. याहून अधिक उत्कंठेचा प्रसंग कोणत्या कादंबरीकाराने कल्पिला आहे?

पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली तेव्हा हीच दोघे लष्करी विमानात बसून गोव्याच्या आकाशात फिरली आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांनी मुक्तीची वार्ता आपल्या माणसांना ऐकविली. पुढे १९६४ साली ती विवाहबद्ध झाली. वामन सरदेसाईंना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. लिबिया लोबो सरदेसाई यांना ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी जाहीर झाली.

रानातल्या त्या सहा वर्षांत त्या दोघांच्या मनांत काय होते, याविषयी काही रचून सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण बाहेरून दिसते तेवढेच पुरेसे बोलके आहे. दोघे स्वेच्छेने त्या रानात गेली. त्यांना कोणी बांधून नेले नव्हते; जाण्याची वाट दोघांनाही रोज मोकळी होती, आणि ती दोघेही रोज राहिली. धर्म वेगळे, घरे वेगळी, पण काम एक. काम संपल्यावर, वचन पुरे झाल्यावर, त्यांनी लग्न केले. प्रीती म्हणून काही असेल तर ती अशा मोकळ्या दारातच राहते. बंद दारामागे जे असते त्याचे नाव दुसरे आहे.

कथेत अपहर्ता हवाच असेल तर तोही येथे होता. तो एखादा वेडा श्रोता नव्हता. ती एक राजवट होती. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांना तिने पकडून पोर्तुगालातील पेनीशच्या किल्ल्यात नेऊन टाकले. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १९५४ साली अटक करून समुद्रापार नेले. मोहन रानडे १९५५ साली जे पकडले गेले ते गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात राहिले आणि १९६९ साली सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सिल्वासाला गेलेल्या त्याच सुधीर फडक्यांनी खटपट केली. आणि गंमत अशी की, ही राजवटही प्रेमाचीच भाषा बोलत होती. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच ‘सागरापारचा प्रांत’ आहे, असे तिने १९५१ साली घटनेतच लिहून टाकले. ज्याला कैद करावयाचे त्यालाच ‘तू माझा आहेस’ म्हणावयाचे, ही सर्व अपहर्त्यांची जुनी रीत आहे. व्यक्ती असो वा साम्राज्य, न विचारता सांगितलेल्या प्रेमाचा ताळेबंद सारखाच निघतो.

सुधीर फडके सिल्वासाहून परतल्यावर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. ती योजना मनात आणणारे केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड गोमंतकीयच होते. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते घरोघर ऐकली गेली. ज्या हातांनी सिल्वासात झेंडा लावण्यास साहाय्य केले, त्याच हातांनी सीताहरणाची व्यथा स्वरात बांधली आणि ती रेडिओवरूनच लोकांपर्यंत गेली. मराठी मनाचे आणि रेडिओचे नाते असे आहे. त्या नात्यातून आजच्या कादंबरीकाराने उचलावे काय, तर निवेदिकेला पळविणारा वेडा!

आमचे म्हणणे बंदीचे नाही. पुस्तकावर बंदी घालणाऱ्या राजवटीखाली गोमंतकाने पुष्कळ वर्षे काढली आहेत. तो उपाय आम्हांला नको. वाचकाला कल्पित आणि वास्तव यांतील भेद कळतो, हेही आम्ही मान्य करतो. पण भेद कळण्यासाठी दुसरी बाजूही डोळ्यांपुढे असावी लागते. अपहर्त्याच्या प्रेमाच्या शंभर कथा उपलब्ध आणि आंबोलीच्या रानातील आवाजावर घराघरांत वाचली जाईल अशी रहस्यकादंबरी शोधू जाता सापडत नाही, अशी स्थिती असेल तर वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष लिहिणाऱ्यांचा आहे.

आमच्या लेखकांना आमची विनंती आहे की, त्यांनी हा विषय हाती घ्यावा. मात्र भाषण म्हणून नव्हे, कादंबरी म्हणून. देशभक्तीची पुटे चढविली की कथा गुदमरते. त्या रानातील कंटाळा लिहावा, जळवा लिहाव्यात, यंत्र बिघडल्यावर झालेली तारांबळ कल्पावी. दुसऱ्या बाजूचाही विचार करावा. दादऱ्याच्या चौकीवर मारला गेलेला पोलीस अधिकारी आनिसेतो रोझारियो हाही कोणाचा मुलगा होता आणि आपले कर्तव्य समजून उभा राहिला होता. त्याला निव्वळ खलपुरुष करू नये. ज्या वारली कुटुंबांच्या शेताबांधांवरून हा इतिहास गेला, त्यांना काय वाटले असेल, तेही कोणी विचारावे. असे लिहिले तर अर्नाळकरांच्या झुंजारची गती आणि सत्याचे वजन एकाच पुस्तकात येऊ शकेल.

सिल्वासा आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती लाखाच्या घरात पोहोचली होती. कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे आली. २०२० च्या २६ जानेवारीपासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. तेथे नव्याने आलेल्या कामगाराच्या मुलाला आपल्या गावातून निघालेल्या एका यंत्राने गोव्याला सहा वर्षे धीर दिला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते त्याला शाळेत सांगितले जावे. गोव्यातील मुलालाही सांगितले जावे की, आंबोलीच्या आवाजाचे मूळ दमणगंगेच्या काठी आहे. ज्यांनी तो आवाज कानांनी ऐकला ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी आज कोणी लिहून घेतल्या नाहीत, तर उद्या लिहिणाऱ्याची इच्छा असूनही त्याच्या हाती काही लागणार नाही.